रुपया पडला, तुमचं काय होणार? परदेशी निघालेल्या कोल्हापूरकरांसाठी

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वद रुपयांची रेघ ओलांडली. त्या आठवड्यात करवीर तालुक्यातल्या ज्या घरचा मुलगा दुबईत वेल्डर आहे, तिथे चार पैसे जास्त येणार म्हणून आनंद झाला असेल. राजारामपुरीतल्या ज्या घरची मुलगी जर्मनीत शिकतेय, तिथे मात्र वडील पासबुक काढून बसले असतील. बातमी एकच होती. त्यामुळे ‘रुपया पडला की एनआरआयची चांदी’ हे टपरीवरचं गणित आधी डोक्यातून काढून टाका.

हा लेख पहिल्यांदाच बाहेर निघालेल्यांसाठी किंवा जाऊन वर्ष-दोन वर्षं झालेल्यांसाठी आहे. आणि त्यांच्या घरच्यांसाठीही, कारण निम्मे निर्णय तेच घेतात. गल्फचा पैसा म्हटलं की केरळ आठवतं. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत बाहेरून आलेल्या पैशात महाराष्ट्राचा वाटा सर्वाधिक, २०.५ टक्के होता आणि केरळचा १९.७ टक्के. म्हणजे हा प्रश्न आपल्याही दारातला आहे.

पायरी १ : कागदावर मधोमध रेघ मारा

डावीकडे लिहा : पैसा कोणत्या चलनात येतो. उजवीकडे लिहा : तो कोणत्या चलनात जातो. यात कर्जाचे हप्तेही आले आणि आईच्या औषधांचा खर्चही.

डावीकडे दिरहम किंवा डॉलर आणि उजवीकडे रुपये असतील, तर घसरता रुपया तुमच्या बाजूचा. गल्फमधले कामगार आणि अमेरिकेतून घरचा हप्ता फेडणारे यात येतात. डावीकडे रुपये आणि उजवीकडे युरो असतील, तर प्रत्येक घसरण तुमच्या खिशातून जाते. घरच्या पैशावर शिकणारे विद्यार्थी इथे येतात. मुलाकडे राहायला गेलेले आणि इथल्या पेन्शनवर किंवा फ्लॅटच्या भाड्यावर तिथला खर्च काढू पाहणारे आई-वडीलही इथेच येतात. कंपनीने काही महिन्यांसाठी पाठवलेल्यांचा पगार इथे रुपयांत आणि भत्ता तिथे डॉलरमध्ये असतो. त्यांचं काम अधलंमधलं.

बरेच लोक एका बाजूकडून दुसरीकडे सरकतात. आज फी भरणारी मुलगी दोन वर्षांनी युरोत पगार घेऊन रुपयातलं कर्ज फेडू लागली, की तिच्यासाठी सगळं उलटं होतं. म्हणून हा कागद दर वर्षी पुन्हा लिहायचा.

पायरी २ : तुमचं चलन डॉलर आहे का, हे बघा

टीव्हीवर ‘रुपया घसरला’ म्हणतात तेव्हा तो डॉलरसमोर घसरलेला असतो. तुम्ही कमावता ते चलन डॉलरसोबत चालतं की नाही, हा वेगळा प्रश्न आहे.

गल्फवाल्यांचं उत्तर सोपं आहे. युएईचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, सौदी रियाल ३.७५ ला, कतारी रियाल ३.६४ ला. ओमान आणि बहरीनचंही तसंच. कुवेतचा दिनार एकट्या डॉलरला न बांधता अनेक चलनांच्या टोपलीला बांधलेला आहे, तरी कल फार वेगळा नसतो. त्यामुळे डॉलर ८३ वरून ९० ला गेला, की दिरहम आपोआप २२.६० वरून २४.५० च्या आसपास जातो. महिन्याला २,००० दिरहम पाठवणाऱ्याच्या घरी डॉलर ८३ असताना ४५,२०० रुपये पोचत, ९० ला ४९,००० पोचतात.

जपानला गेलेल्याचं तसं नाही. २०२१ ते २०२४ या काळात येन डॉलरसमोर ११० वरून १६० पर्यंत घसरला. त्याच काळात रुपयाही पडतच होता, पण येन त्याहून जोरात पडला. परिणामी ‘रुपया नीचांकावर’ अशा बातम्या येत असताना जपानमधल्या मुलाच्या येनचे रुपये कमी होत होते. आणि घरचे विचारत होते, यंदा पैसे कमी का पाठवलेस?

युरोने विद्यार्थ्यांना उलट बाजूने मारलं. २०२४ च्या मध्याला युरो नव्वदच्या आसपास होता. २०२५ च्या अखेरीस शंभर ओलांडून १०५ च्या घरात गेला. डॉलरसमोर रुपया पडला आणि शिवाय डॉलरसमोर युरो चढला. मोबाईलवर डॉलरचा भाव बघणं सोडा आणि आपल्या चलनाची रुपयाशी थेट जोडी बघा.

पायरी ३ : निघण्याआधीचं कर्ज नीट तपासा

इथे थोडं थांबतो, कारण बहुतेकांचं गणित इथेच फसतं.

आधी कामाला जाणाऱ्यांचं. एजंट, तिकीट, वैद्यकीय तपासणी असं करत दोन लाख लागले आणि ते गावात शेकडा ३ ने उचलले असं धरा. महिन्याला ६,००० रुपये नुसतं व्याज, वर्षाला ७२,०००. आता वरचं दिरहमचं गणित परत बघा. डॉलर ८३ वरून ९० ला जायला तीन वर्षं लागली आणि त्यातून महिन्याला मिळाले साधारण ३,८०० रुपये. सावकार त्याच महिन्यात ६,००० घेऊन जातो. रुपया कितीही पडो, शेकडा ३ च्या व्याजाला तो गाठू शकत नाही. म्हणून पतसंस्था, सोनेतारण किंवा लवकर उचललेली भिशी, जे स्वस्त असेल ते आधी बघा. आणि पहिल्या सहा महिन्यांत इतर काहीही करण्याआधी हे कर्ज संपवा. घराच्या स्लॅबचं नंतर बघता येतं.

एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे ना, हे ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं. ‘डॉलर वाढला म्हणून माझी फी वाढली’ असं कुणी म्हणालं तर कान टवकारा. तुमची फी रुपयांत आहे.

आता विद्यार्थी. जर्मनीसाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. युरो ९० असताना ते १०,७१,००० रुपये होते. १०४ ला १२,३८,००० झाले. मुलीने खर्च वाढवलेला नाही, खोली बदललेली नाही, तरी १ लाख ६७ हजारांचा फरक. त्यामुळे कर्ज मंजूर करून घेताना आजच्या दराने हिशेब करू नका. दोन वर्षांचा अभ्यासक्रम असेल तर रुपयातल्या अंदाजावर १० ते १५ टक्के जास्त धरा. बँक फीचे पैसे एकदम न देता सेमिस्टरप्रमाणे सोडते आणि दर त्या त्या दिवसाचा लावते. मंजुरी तोकडी पडली तर शेवटच्या सेमिस्टरला वडिलांची धावपळ ठरलेली.

बाहेर पैसे पाठवताना आणखी दोन गोष्टी. उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे बँकवाले ज्याला एलआरएस म्हणतात त्यात, एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. ती मर्यादा बहुतेकांना पुरते. पण वर्षात १० लाखांवर रक्कम गेली, की वरच्या भागावर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. ही १० लाखांची रेघ १ एप्रिल २०२५ पासूनची आहे, त्याआधी ती ७ लाखांवर होती. म्हणजे आजच्या दराने नुसतं ब्लॉक्ड अकाउंट भरलं तरी रेघ ओलांडली जाते. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर टीसीएस लागत नाही. स्वतःच्या पैशातून गेले तर लागतो आणि त्याचा दर उद्देशावर ठरतो. म्हणून फॉर्म भरताना उद्देश ‘शिक्षण’ असाच पडेल हे बघा, प्रवेशपत्र जोडा, आणि त्या वर्षीचा दर बँकेत विचारून घ्या. बजेटमध्ये तो हलतो. कापलेली रक्कम बुडत नाही. ज्याच्या पॅनवर कापली त्याला ती रिटर्नमध्ये वळती करून घेता येते. आई आणि वडील दोघांच्याही पॅनवर वेगवेगळी १० लाखांची मोकळी मर्यादा आहे, हे अनेक घरांत सुचतच नाही.

आणि एक सावधगिरी. काही परदेशी संस्था विद्यार्थ्यांना थेट डॉलरमध्ये कर्ज देतात. व्याजदर इथल्या बँकेपेक्षा कमी दिसतो. तिथे नोकरी लागली तर ठीक. नाही लागली आणि मुलगा परत येऊन पुण्यात रुपयांत पगार घेऊ लागला, तर घसरत्या रुपयात डॉलरचं कर्ज फेडणं म्हणजे मुद्दल न वाढता कर्ज वाढणं. तिथल्या नोकरीची खात्री नसेल तर कर्ज रुपयांतलंच बरं, असं माझं मत आहे.

पायरी ४ : खाती लावून घ्या

हे काम कंटाळवाणं आहे, पण विमानात बसण्याआधी किंवा तिथे पोचल्यावर लगेच करायचं. नोकरीसाठी बाहेर गेलात की फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे तुम्ही अनिवासी. इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ करावं लागतं. शाखेत कोणी विचारत नाही म्हणून वर्षानुवर्षं राहून जातं आणि पुढे फ्लॅट विकताना गाठ पडते.

एनआरओ म्हणजे इथल्या उत्पन्नाचं खातं : भाडं, शेतीचे पैसे, लाभांश. व्याजावर कर कापला जातो आणि बाहेर नेण्याला वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे. एनआरई हे तिकडून पाठवलेल्या पैशांचं रुपयातलं खातं. इथे व्याज करमुक्त आणि पैसा केव्हाही परत नेता येतो. एफसीएनआर ही परकीय चलनातच राहणारी मुदत ठेव, एक ते पाच वर्षांची. दिरहममध्ये ती सहसा ठेवत नाहीत. डॉलर, पौंड, युरोत ठेवतात.

कमाई एनआरई मध्ये उतरवा, तिथून घरखर्चापुरते आई-वडिलांच्या खात्यात टाका. आई-वडिलांना दिलेल्या पैशावर त्यांना कर नाही. त्या पैशावर पुढे मिळणाऱ्या व्याजावर मात्र आहे. सगळाच पैसा वडिलांच्या नावे एफडी करणारे हे विसरतात.

पायरी ५ : पाठवताना दर कसा बघायचा

गुगलवर दिसणारा दर तुम्हाला कोणीच देत नाही. तो बँका आपापसात वापरतात तो मधला भाव. बँक किंवा एक्स्चेंज हाऊस त्यातून आपला वाटा काढून घेतं, वर फी लावतं, आणि इथे रुपये करताना थोडा जीएसटीही जातो. ‘झिरो फी’ असं लिहिलेलं असेल तर वाटा दरात लपलेला असतो, एवढंच.

खरा दर एकाच भागाकारात कळतो. घरी जमा झालेले रुपये भागिले तुमच्या खिशातून फीसकट गेलेले दिरहम. समजा २,००० दिरहम आणि २० फी अशी २,०२० दिली, घरी ४८,६०० आले. भागाकार २४.०६. गुगल त्या दिवशी २४.५१ दाखवत असेल तर साधारण नऊशे रुपये वाटेत गेले. दोन-तीन ठिकाणचा हाच भागाकार एकाच दिवशी करून बघा आणि मग एक ठिकाण धरा. फी ठराविक असते, त्यामुळे ५०० दिरहम चार वेळा पाठवण्यापेक्षा २,००० एकदा पाठवलेले परवडतात.

अमेरिकेत असाल तर १ जानेवारी २०२६ पासून रोख, मनी ऑर्डर किंवा तशा मार्गाने बाहेर पाठवलेल्या पैशावर एक टक्का कर आहे. बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट-क्रेडिट कार्डाने पाठवलं तर तो लागत नाही. म्हणून रोखीने पाठवू नका.

आता सगळ्यांचा आवडता प्रश्न : अजून थांबू का? आणखी पडेल का?

२०१३ चा उन्हाळा बघा. मे महिन्यात डॉलर ५५ च्या आसपास होता, २८ ऑगस्टला ६८ च्या पुढे गेला. तेव्हा ‘थांबूया की जरा, सत्तर होऊ दे’ म्हणणारे कमी नव्हते. ऑक्टोबरपर्यंत तो ६१-६२ वर परत आला. सत्तर झाला तो ऑगस्ट २०१८ मध्ये. पाच वर्षं. तोवर घरच्या कर्जाचं व्याज थांबलेलं नव्हतं.

लांबचं चित्र असं : १९९३ मध्ये डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २०२५ अखेर ९०. म्हणजे वर्षाला सरासरी सव्वातीन-साडेतीन टक्के घसरण. पण ती सरळ रेषेत होत नाही, काही वर्षं झोपून राहते आणि मग दोन महिन्यांत उडी मारते. ती उडी केव्हा हे तेलाचे भाव, परदेशी गुंतवणूकदारांची विक्री, अमेरिकेचे व्याजदर आणि रिझर्व्ह बँक किती डॉलर विकते यावर ठरतं. तुमच्या रूममेटला ते आधी कळत नाही, मलाही नाही. घरखर्च दर महिन्याला ठरल्या तारखेला पाठवा, त्यात दराचा विचारच नको. शिलकीचा भाग तीन-चार हप्त्यांत पाठवा. विद्यार्थ्यांच्या पालकांनीही तसंच : फीची तारीख सप्टेंबरची असेल तर थोडी रक्कम आधीच परकीय चलनात करून ठेवा, शेवटच्या दिवशी मिळेल तो दर घेऊ नका.

दर चांगला देतो म्हणून बँकेबाहेरून पैसे पोचवणारा हुंडीवाला गाठू नका. फेमाखाली रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो, हे झालं कायद्याचं. त्याहून जवळचा धोका असा, की इथे आईच्या खात्यात पैसे टाकणारा अनोळखी माणूस ऑनलाइन फसवणुकीतला पैसा टाकत असेल, तर खातं तिचं गोठतं. तुम्ही शारजात, आणि ती पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढतेय.

पायरी ६ : जास्त आलेले रुपये खरंच जास्त आहेत का

डॉलर महागला की इथे आयात होणारं सगळं महाग होतं, फक्त थोडं उशिरा. खाद्यतेल आपण निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. कच्चं तेल ८५ टक्क्यांहून अधिक. उसाला घालायचं पोटॅश जवळपास सगळंच आयातीचं. म्हणजे घरच्यांना ३,८०० रुपये जास्त मिळाले तरी त्यातले काही किराणात, काही डिझेलमध्ये आणि काही रानात जातात. ‘दर वाढला, मग आहे तेवढेच रुपये पाठवतो, दिरहम वाचवतो’ असा विचार करत असाल तर आधी आईला किराण्याचं बिल विचारा.

(याच घसरणीत शिरोली-गोकुळ शिरगावचे निर्यात करणारे फाउंड्रीवाले खूश असतात. चप्पल परदेशी पाठवणारेही. गावात पैसा त्या बाजूनेही येतो.)

सोन्याचं वेगळं. गुजरीत भाव वाढला म्हणजे जगात सोनं महागलं असेलच असं नाही. त्यातला काही भाग नुसता रुपया पडल्याचा असतो. पडलेल्या रुपयाचे जास्तीचे पैसे घेऊन त्याच रुपयामुळे महागलेलं सोनं घेतलं, तर कमाई जिथल्या तिथे. पाडव्याला परंपरेपुरतं घ्या.

जमिनीचा मोह सगळ्यात मोठा. चार पैसे आले की आपल्याकडे नजर रानाकडे जाते. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर ठेवता येते. घर, फ्लॅट, बिगरशेती प्लॉट चालतो. मग लोक वडिलांच्या नावावर रान घेतात. वडिलांना पैसे बक्षीस द्यायला काहीच हरकत नाही, पण मग ते रान वडिलांचं. त्यात भाऊ-बहिणींचा हिस्सा उद्या येणार, हे मनाशी पक्कं करूनच द्या. ‘नावाला त्यांचं, खरं माझं’ हा व्यवहार कायद्याला चालत नाही आणि घरातही टिकत नाही.

माझ्या मते जास्तीच्या रुपयांची पहिली जागा घरकर्ज. हप्ता रुपयांत ठरलेला आहे, तुमची कमाई रुपयांत मोजली तर वाढलीय. बदलत्या दराच्या घरकर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड नसतो. दर वर्षी एकदा मुद्दलात भर घाला.

पायरी ७ : शिल्लक कोणत्या चलनात ठेवायची

एनआरई ठेवीवर साडेसहा टक्के आणि डॉलरच्या एफसीएनआरवर साडेचार मिळतात असं धरा. फरक दोन टक्क्यांचा. रुपया वर्षाला दोन टक्क्यांहून कमी पडला तर एनआरई पुढे, जास्त पडला तर एफसीएनआर पुढे. प्रत्यक्ष दर बँकेतून घ्या आणि हाच हिशेब करा. तो पाच मिनिटांचा आहे आणि कुठल्याही एजंटच्या तक्त्यापेक्षा खरा.

तरी निव्वळ हिशेबाने ठरवू नका. तीन वर्षांनी परत येऊन कळंब्यात घर बांधायचं असेल तर पैसा रुपयांतच लागणार. मोठा भाग एनआरईत राहू दे. मुलं तिथेच शिकणार असतील तर त्यांच्या फीचा पैसा रुपयांत आणून पुन्हा डॉलर करण्यात दोनदा कट जातो. तो पैसा एफसीएनआरमध्ये किंवा तिथल्याच बँकेत ठेवा.

परतीचं ठरलं की काही लोक घाईघाईत सगळे डॉलर रुपये करून टाकतात. त्याची गरज नाही. परतलेल्याला आरएफसी नावाचं खातं उघडता येतं, त्यात परकीय चलन तसंच ठेवता येतं आणि पुढे लागेल तेव्हा मोडता येतं. चालू एफसीएनआर ठेव मुदत संपेपर्यंत ठरलेल्या व्याजाने चालू राहते. बरीच वर्षं बाहेर काढून आलेल्याला आयकरात पहिली साधारण दोन वर्षं रहिवासी आणि अनिवासी यांच्या अधलीमधली स्थिती मिळते, त्यात आरएफसीच्या व्याजावरही कर लागत नाही. यासाठी पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून दिवस मोजावे लागतात, म्हणून जुने पासपोर्ट टाकू नका. परतीची तारीख पक्की झाली की शाखेला कळवा, आणि उतरल्यावर पहिल्याच महिन्यात एनआरईचा पैसा आरएफसीत न्यायचा की रहिवासी खात्यात, हे लेखी देऊन टाका.